प्लगला करंट येत नसेल तर : जुन्या मोटारसायकलचा सीडीआय बदलण्याआधी करायची तपासणी

विदर्भातल्या खेड्यांत वीस-पंचवीस वर्षे जुन्या मोटारसायकलीवर आजही शेतीचा मोठा भार आहे. पांदण रस्त्याने वावर गाठायचे, खताचे पोते न्यायचे, तालुक्याच्या गावाहून फवारणीचे औषध आणायचे, ही सगळी कामे जिच्यावर चालतात ती सीडी १००, स्प्लेंडर, बॉक्सर किंवा आरएक्स १०० ऐन डवरणीच्या दिवसांत किकला दाद देत नाही, तेव्हा गावातला फिटर प्लग काढून पाहतो, ‘करंट नाही’ म्हणतो आणि बहुधा सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी, बदलायला सांगतो. नवा सीडीआय बसवूनही गाडी सुरू झाली नाही तर एचटी कॉइल (प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी), मग मॅग्नेटची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाची कॉइल, अशी बदलाबदली सुरू होते. खरा दोष मात्र पुष्कळदा एखाद्या घासलेल्या तारेत, गंजलेल्या कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या खोबणीत) किंवा प्लगच्या टोपीत असतो, आणि तो शोधायला साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजणारा मीटर) आणि तासाभराची सवड पुरते. सीडीआयवर सर्वांत शेवटी संशय घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. पुढची सारी तपासणी त्याच क्रमाने मांडली आहे.

राजदूत, येझदी, जुनी बुलेट या गाड्यांत पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, असायचे. पॉइंट डोळ्यांना दिसत, पॉलिश पेपरने घासता येत, त्यांची फट पत्तीने लावता येई. १९८५ च्या सुमारास सीडी १०० आणि आरएक्स १०० रस्त्यावर आल्या आणि पॉइंटची जागा सीडीआयच्या बंद डबीने घेतली. ही डबी आतून राळेने भरलेली असते, ती उघडून पाहता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. म्हणूनच कारण सापडले नाही की दोष तिच्या माथी मारण्याची सवय लागली असावी.

करंट तयार होतो कसा

मॅग्नेट फिरला की स्टेटरवरच्या, म्हणजे मॅग्नेटजवळच्या न फिरणाऱ्या भागावरच्या, सोर्स कॉइलमध्ये शंभर व्होल्टपासून तीनशे-चारशे व्होल्टपर्यंतची एसी वीज तयार होते. सीडीआयमधला डायोड ती एका दिशेची करतो आणि आतल्या कपॅसिटरमध्ये साठवतो. मॅग्नेटच्या बाहेरच्या कडेला एक उंचवटा असतो. तो पल्सर कॉइलसमोरून गेला की त्या कॉइलमधून एक अगदी छोटा इशारा निघतो. या इशाऱ्याने सीडीआयमधला थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सुरू होतो, साठवलेली वीज एका झटक्यात एचटी कॉइलच्या प्रायमरी वेढ्यांतून जाते, आणि सेकंडरी वेढ्यांत तिचे दहा-वीस हजार व्होल्ट होऊन प्लगच्या फटीत ठिणगी पडते.

म्हणजे सीडीआयला नीट काम करायला सोर्स कॉइलची वीज, पल्सरचा इशारा, एचटी कॉइलकडे जाणारी धड तार आणि पक्के अर्थिंग, म्हणजे बॉडीशी जोड, एवढे लागते. याशिवाय एक पाचवी तार असते, ती चावीच्या स्विचकडे जाते आणि तिचे काम ठिणगी बंद करण्याचे असते. पहिल्या चार वाटांपैकी एकही तुटली, किंवा पाचवी तार नको तेव्हा बॉडीला टेकली, तर सीडीआय ठणठणीत असूनही प्लगला ठिणगी येत नाही. हे चित्र डोक्यात पक्के असेल तर पुढची तपासणी अवघड नाही.

सगळ्या गाड्या मात्र एकाच प्रकारच्या नसतात. वर सांगितली ती मॅग्नेटवर चालणारी, म्हणजे एसी सीडीआयची रीत. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत डीसी सीडीआय आहे. त्यात सोर्स कॉइल नसते. बॅटरीचे १२ व्होल्ट सीडीआयमध्येच वाढवले जातात आणि बॅटरी पार उतरली की ठिणगीही जाते. आपली गाडी कोणती हे ओळखायला चावी सुरू करून सीडीआयच्या कपलरवर, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून, एकेक तार बॉडीशी तपासावी. एखाद्या तारेवर बॅटरीइतके व्होल्ट आले तर गाडी डीसी प्रकारची आहे असे समजावे. कुठेच आले नाहीत तर बहुधा ती एसीची असते, तरी अशा वेळी फ्यूज शाबूत आहे ना, हेही बघून घ्यावे. हा फरक ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये. एसी सीडीआयच्या बंद करणाऱ्या तारेला कुणी ‘सप्लाय देऊन बघू’ म्हणून बॅटरीचे १२ व्होल्ट जोडले, तर चांगला सीडीआयही जागच्या जागी जळू शकतो.

हाताशी काय हवे

डिजिटल मल्टिमीटर, प्लग पाना, त्याच मापाचा एक चांगला जादा प्लग, फिलर गेज (फट मोजायची पत्ती), पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर नाहीतर थोडे पेट्रोल आणि जुना ब्रश, दोन्ही टोकांना क्लिप असलेली हातभर तार, इन्सुलेशन टेप आणि सोल्डरिंगचे सामान. सर्व्हिस मॅन्युअल किंवा निदान त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मिळाला तर काम निम्मे हलके होते.

दोन गोष्टींत हलगर्जी चालत नाही. पहिली, ठिणगीची तपासणी टाकीचा नळ बंद करून आणि उघड्या प्लगच्या भोकापासून दूर करावी, कारण किक मारताना सिलिंडरमधली पेट्रोलची वाफ त्याच भोकातून बाहेर येते आणि ठिणगी जवळ असली तर भडका उडतो. दुसरी, एचटी वायरची, म्हणजे एचटी कॉइलपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या वायरची, टोपी हवेत उघडी ठेवून किक कधीही मारू नये. बाहेर पडायला वाट मिळाली नाही की हजारो व्होल्ट कॉइलच्या किंवा सीडीआयच्या आतच वाट काढतात आणि धडधाकट भाग त्या एका किकमध्ये कायमचा जातो. हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामापासून लांबच राहावे.

आधी पेट्रोल की करंट, ते ठरवावे

गाडी चालता चालता बंद पडली असेल तर ती कशी बंद पडली ते आठवावे. करंट गेला की इंजिन चावी फिरवल्यासारखे एकदम थांबते. पेट्रोल कमी पडले की आधी जोर उतरतो, गाडी अडखळते, चोक ओढल्यावर थोडी चालते आणि मग बंद पडते. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बुजले तरी असेच होते. पांदणीच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीत हे वरचेवर घडते, आणि झाकण सैल करताच गाडी पुन्हा चालू लागते.

पाच-सात किक मारून लगेच प्लग काढावा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे आणि करंटचा संशय बळावतो. कोरडा असेल तर आधी नळ, फिल्टर आणि कार्ब्युरेटर बघावे.

ठिणगी कशी पाहावी

गाडीतला प्लग आपल्या जागी घट्ट बसलेला राहू द्यावा. जादा प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडर हेडच्या एखाद्या रंग नसलेल्या बोल्टला क्लिपच्या तारेने पक्का जोडावा. प्लग हाताने धरू नये. तार बोल्टवर नीट बसली म्हणजे हात लागतच नाही. मग सावलीत, चावी आणि हँडलवरचा स्विच असल्यास तोही सुरू करून, जोमाने किक मारावी. या रीतीने वाफेचा धोका टळतो, इंजिनाचे कॉम्प्रेशन कायम राहते आणि मूळ प्लग आधीच खराब असला तरी निष्कर्ष चुकत नाही.

निळसर पांढरी, टच्च आवाज करणारी ठिणगी ही चांगली. पिवळी, तांबूस, बारीक आणि मधूनच चुकणारी ठिणगी ही अशक्त. मात्र हवेत ठिणगी दिसली म्हणजे सिलिंडरमध्येही पडतेच, असे धरून चालू नये. दाबाखालच्या हवेत तीच फट ओलांडायला पुष्कळ जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे बाहेर बरी दिसणारी ठिणगी आत चढावर, लोड असताना, हरते. म्हणून कस लावायचा तर ठिणगी मोकळ्या हवेत ६ मिमी फट ओलांडते का, ते पाहावे. अनेक यामाहा मॅन्युअलांत हाच किमान आकडा दिलेला आहे. त्यासाठी फट कमी-जास्त करता येणारा टेस्टर स्वस्तात मिळतो.

जादा प्लगवर ठिणगी चांगली आली तर दोष जुन्या प्लगमध्ये आहे, नवा बसवावा. फट बहुतेक जुन्या १०० सीसी गाड्यांत ०.६ ते ०.७ मिमी असते, तरी मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. ठिणगी आलीच नाही किंवा अशक्त आली, तर एचटी वायरवरची टोपी उलट फिरवून काढावी आणि वायरचे टोक नीट पाहावे. आतले तांबे हिरवट-काळे पडलेले असेल आणि वायरला थोडी ढील असेल, तर टोकाचा पाच मिलिमीटरचा तुकडा कापून टोपीचा स्क्रू ताज्या तांब्यात पुन्हा घट्ट बसवावा. टोपीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजावा. अनेक गाड्यांत तो ५ हजार ओहमच्या आसपास असतो, काहींत टोपीला रोध नसतोच. पण मीटरवर काहीच येत नसेल किंवा टोपी हलवताना आकडा उड्या मारत असेल तर ती टाकून द्यावी. टोपी हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि तिच्याकडेच सर्वांत उशिरा लक्ष जाते.

बंद करणारी तार

एसी सीडीआयच्या गाडीत चावी बंद केली की एक तार बॉडीला जोडली जाते आणि सीडीआयमधली वीज ठिणगी न पाडता जमिनीत, म्हणजे बॉडीत, निघून जाते. हीरो होंडाच्या जुन्या गाड्यांत ती काळ्या रंगाची, पांढऱ्या रेघेची असते. चावीचा स्विच आतून गंजला, त्यात पाणी गेले किंवा ही तार कुठे घासून बॉडीला टेकली, तर चावी सुरू असूनही गाडीच्या दृष्टीने ती बंदच असते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. सीडीआयच्या कपलरमधून ही एकच तार बाजूला काढावी, तिला टेप लावावा आणि पुन्हा ठिणगी पाहावी. ठिणगी परत आली तर सीडीआय, कॉइल, पल्सर सगळे निर्दोष ठरले. दोष स्विचमध्ये किंवा स्विचपर्यंतच्या तारेत आहे. या अवस्थेत इंजिन सुरू झाले तर ते चावीने बंद होणार नाही हे ध्यानात ठेवावे. गिअर टाकून, पुढचा ब्रेक धरून, क्लच हळूहळू सोडून ते थांबवावे. डीसी सीडीआयला ही चाचणी लागू नाही. तिथे चावीची तार वीज पुरवणारी असते आणि ती काढली की ठिणगी जाणारच; त्या गाडीत चावी सुरू असताना त्या तारेवर बॅटरीइतके व्होल्ट येतात का आणि सेल्फ मारताना ते फार कोसळतात का, हे पाहावे.

याच तारेचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे, कारण ते वाचून पुष्कळांना आपली गाडी आठवेल. गावातल्या एका शेतकऱ्याची जुनी स्प्लेंडर डांबरी रस्त्यावर उत्तम चाले, पण वावराच्या धुऱ्याशी डावीकडे वळली की बंद पडे. सरळ केली की पुन्हा किकवर सुरू होई. सीडीआय बदलून झाला होता, प्लग बदलून झाला होता. टाकी उतरवून पाहिले तेव्हा चॅसीच्या मानेपाशी, जिथे वायरिंगचा गुच्छा हँडलकडे वळतो, तिथे लोखंडाच्या कडेवर काळ्या-पांढऱ्या तारेचे प्लास्टिक तांदळाच्या दाण्याएवढे सोलले होते आणि आतले तांबे घासून चकचकीत झाले होते. हँडल डावीकडे वळले की गुच्छा ताणला जाई, ते उघडे तांबे चॅसीला टेके आणि चावी बंद केल्याचाच परिणाम होई. उजवीकडे वळताना काहीच होत नसे. तेवढा भाग कापून तार सोल्डरने जोडली, वरून नळी चढवली आणि गुच्छा त्या कडेपासून दूर बांधला. गाडी पुन्हा त्या वळणावर बंद पडली नाही.

वायरिंग आणि कपलर

वरचे उदाहरण अपवाद नाही. जुन्या गाडीत अधूनमधून होणारा बिघाड हा बहुधा तारेचाच असतो, आणि मानेची जागा त्यात पहिली. हँडल दोन्ही बाजूंना हजारो वेळा वळून तिथल्या तारा आतून तुटतात, वरचे प्लास्टिक मात्र अखंड राहते. अशी तार डोळ्यांना चांगली दिसते. ती ओळखायला प्रत्येक तार सुटी करून दोन चिमटींत धरावी आणि हळुवार ओढावी. आत तांबे शाबूत असेल तर तार ताठ राहते. तुटले असेल तर त्या जागी प्लास्टिक लवचिकपणे ताणले जाते आणि तार तिथेच मऊ वाकते. नंतर मीटर सातत्याच्या आवाजावर (तार अखंड असेल तोवर वाजणाऱ्या खुणेवर) ठेवून तारेची दोन टोके त्याला जोडावीत आणि हँडल वळवत राहावे. आवाज मध्येच तुटला तर जागा सापडली.

दुसरी जागा सीडीआयचा कपलर. तो काढून आतल्या पिना पाहाव्यात. पावसाळ्यात साचलेल्या ओलाव्याने त्यांवर हिरवी बुरशीसारखी पुटे चढतात. ती क्लीनरने आणि ब्रशने काढून, सैल पिना बारीक स्क्रू ड्रायव्हरने हलकेच आवळून घ्याव्यात. एखादी पिन मागे सरकलेली असेल तर कपलर वरून घट्ट दिसतो आणि आत जोड होतच नाही.

गाडी कुटाराच्या खोलीत किंवा धान्याच्या पोत्यांजवळ उभी राहत असेल तर सीटखालचे आणि टाकीखालचे वायरिंग उंदरांनी कुरतडलेले नाही ना, ते पाहावे. उंदीर सगळी तार तोडत नाही. एक-दोन धागे शिल्लक ठेवतो, आणि ते धागे पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतात.

अर्थिंगकडे तर कुणी बघतच नाही. जुन्या गाडीला नवा रंग दिला असेल आणि अर्थचा बोल्ट रंगावरच आवळला असेल तर ठिणगी हटकून अशक्त होते. सीडीआयच्या अर्थ तारेपासून, म्हणजे होंडाच्या पद्धतीत हिरव्या तारेपासून, इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत रोध मोजावा; तो १ ओहमच्या आत यायला हवा. नसेल तर बोल्ट काढून खालचा रंग पॉलिश पेपरने घासावा, धातू उघडा करावा आणि बोल्ट परत आवळावा.

कॉइल मोजताना

आता मोजमापाकडे वळायला हरकत नाही. सीडीआयचा कपलर सुटा करून वायरिंगच्या बाजूने मोजावे, म्हणजे कॉइल आणि तिच्यापर्यंतची तार दोन्हींची परीक्षा एकदमच होते. हीरो होंडाच्या जुन्या एसी गाड्यांत सोर्स कॉइलची तार काळी, लाल रेघेची. पल्सरची निळी, पिवळ्या किंवा पांढऱ्या रेघेची. एचटी कॉइलकडे जाणारी काळी, पिवळ्या रेघेची. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतात आणि जुन्या गाडीत कुणी मध्ये भलत्याच रंगाची तार जोडलेली असते, म्हणून रंगावर विसंबून न राहता तार कुठून कुठे जाते ते हाताने तपासावे.

सोर्स कॉइल अर्थशी मोजल्यास ढोबळमानाने १०० ते ६०० ओहमच्या दरम्यान, पल्सर कॉइल ५० ते ३०० ओहमच्या दरम्यान येते. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. मीटरवर काहीच आले नाही तर कॉइल किंवा तार तुटलेली आहे. शून्याजवळ आले तर ती शॉर्ट झाली आहे किंवा तार बॉडीला टेकली आहे.

इथे आपल्या हवामानाचा हिशेब धरावाच लागतो. मॅन्युअलमधले आकडे बहुतेक २० अंश सेल्सिअसला दिलेले असतात आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत सावलीतला पारा ४५ अंशांवर असतो, तेव्हा २० अंशांना २०० ओहम दाखवणारी चांगली कॉइल थंड इंजिनातही २२० च्या आसपास दाखवेल, आणि नुकत्याच थांबवलेल्या ९० अंशांच्या इंजिनात ती २५५ च्या पुढे जाईल. हा आकडा पाहून कॉइल खराब ठरवून मॅग्नेट खोलणे म्हणजे विनाकारण खर्च. उलट, गरम असताना आकडा एकदम गायब होत असेल तर ती कॉइल निश्चितच गेलेली आहे.

रोध बरोबर आला तरी कॉइल पूर्ण वीज देते असे नाही, म्हणून कपलर सुटा ठेवूनच मीटर एसी २०० व्होल्टवर लावावा आणि सोर्स कॉइलच्या तारेवर, अर्थशी, जोमाने किक मारावी. साधा मीटर किकेच्या व्होल्टेजचे क्षणिक शिखर पकडू शकत नाही, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तरी तो दहा व्होल्टच्या बराच वर चढायला हवा. पीक व्होल्टेज मोजणारे अडॅप्टर मिळाले तर फारच उत्तम; होंडाच्या मॅन्युअलांत सोर्स कॉइलसाठी किमान १०० व्होल्ट आणि पल्सरसाठी किमान ०.७ व्होल्ट असे शिखराचे आकडे दिलेले असतात. स्वस्त मीटरमध्ये एसीची २०० व्होल्टच्या खालची रेंज नसते, तेव्हा पल्सरसाठी रोधाच्या मोजणीवरच भागवावे लागते.

पल्सर आणि मॅग्नेटवरचा उंचवटा यांतली फट लोखंडी कणांनी भरली असेल किंवा पल्सरचे स्क्रू सैल होऊन फट वाढली असेल तरीही इशारा अशक्त होतो. झाकण उघडून ही जागा कापडाने पुसावी. मॅग्नेट काढायची वेळ आली तर त्या मॉडेलचा पुलरच वापरावा. हातोड्याने ठोकून मॅग्नेट काढणाऱ्याकडे गाडी देऊ नये, कारण त्या ठोक्यांनी आतल्या चुंबकांना तडे जातात आणि क्रँकचेही नुकसान होते.

एचटी कॉइलची प्रायमरी मोजताना मीटरचे दोन्ही प्रोब (टोके) आधी एकमेकांना टेकवून मीटरचा स्वतःचा आकडा पाहावा, कारण तोच ०.२ ते ०.५ ओहम असू शकतो, आणि सीडीआयच्या कॉइलची प्रायमरीही बहुधा १ ओहमच्या आतच असते. आलेल्या आकड्यातून तो वजा करावा. सेकंडरी टोपी काढून मोजली तर काही हजार ओहम येते. प्रायमरी ३-४ ओहम दाखवणारी कॉइल पॉइंटच्या किंवा ट्रान्झिस्टर इग्निशनच्या गाडीची असण्याची शक्यता जास्त. ती सीडीआयला जोडली तर ठिणगी अशक्त पडते. दुकानदाराने ‘चालते’ म्हणून दिलेल्या कॉइलीत असा घोळ आढळतो. रोध ठीक असूनही कॉइल दाबाखाली आतून गळू शकते, हे मात्र मीटर सांगू शकत नाही. त्यासाठी ६ मिमी फटीची परीक्षाच कामी येते.

आता सीडीआय

सोर्स कॉइल, पल्सर, अर्थ, बंद करणारी तार आणि एचटी कॉइल ही सगळी तपासून निर्दोष ठरली आणि तरी ठिणगी नाही, तरच सीडीआयकडे यावे. साध्या मीटरने त्याच्या पिना मोजून निकाल लावता येत नाही. आतले डायोड आणि थायरिस्टर प्रत्येक मीटरला वेगळा आकडा दाखवतात. खरी परीक्षा एकच, त्याच मॉडेलच्या चालू गाडीतला सीडीआय तेवढ्यापुरता लावून पाहणे. गावात स्प्लेंडर किंवा बॉक्सर घरोघरी असल्याने हे सोपे आहे. कुणाचा तरी सीडीआय पाच मिनिटांसाठी मागून आणावा. पण आपल्या गाडीत शॉर्ट तार असेल तर दुसऱ्याचा चांगला भाग जळेल, म्हणून आधीच्या पायऱ्या पूर्ण केल्याशिवाय मागू नये. एसी आणि डीसी सीडीआयचे कपलर कधी कधी एकमेकांत बसतात. बसतो म्हणजे चालतो असे नव्हे.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

सकाळी उत्तम, आणि दुपारी अर्ध्या तासाने बंद. सावलीत तासभर उभी केली की पुन्हा सुरू. उन्हाळ्यात ही तक्रार वाढते. कारण असे की कॉइलच्या बारीक तारेतला एखादा जोड किंवा सीडीआयमधला एखादा भाग तापल्यावर सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. थंड गाडी गॅरेजमध्ये नेली तर सगळे आकडे बरोबर येतात आणि दोष हाती लागत नाही. म्हणून मीटर आणि जादा प्लग सोबत ठेवावा आणि गाडी बंद पडेल तिथेच, झाडाखाली, लगेच मोजावे. ठिणगी आहे का ते आधी पाहावे. नसेल तर सोर्स आणि पल्सरचा रोध. त्यांतला एक गायब असेल तर तोच गुन्हेगार.

दोन्ही ठीक असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत ओला रुमाल गुंडाळून तो पाच मिनिटे फक्त एचटी कॉइलवर ठेवावा आणि ठिणगी पाहावी. मग तसाच सीडीआयवर. ज्याला थंड केल्याने ठिणगी परत येते, तो भाग बदलावा. दोन्हींवर एकाच वेळी रुमाल ठेवला तर काहीच कळणार नाही. कपलरमध्ये पाणी जाऊ देऊ नये.

पावसात आणि चिखलात

भंडारा-गोंदियाच्या बाजूला रोवणीच्या दिवसांत, आणि काळ्या मातीच्या पट्ट्यात तर अख्खा पावसाळा, चिखल पुढच्या चाकावरून थेट प्लगच्या टोपीवर उडतो. ओल्या दिवशीच मिसिंग करणाऱ्या गाडीची परीक्षा रात्री घ्यावी. अंधारात इंजिन आयडलला चालू ठेवून एचटी वायर, टोपी आणि कॉइलवर फवाऱ्याने अगदी बारीक पाणी उडवावे. करंट गळत असेल तिथे निळसर रेषा नाचताना दिसतात. हात लावू नये, जागा लक्षात ठेवावी. टोपीचे रबर फाटलेले असेल तर टेप गुंडाळून भागत नाही, टोपी नवी घ्यावी.

ठिणगी चांगली, पेट्रोल पोहोचते, तरी किक उलटी बसते किंवा सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात, अशी स्थिती असेल तर ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, चुकली आहे. मॅग्नेटला जागेवर ठेवणारी क्रँकवरची अर्धचंद्राकृती चावी कापली गेली की मॅग्नेट थोडा सरकतो आणि ठिणगी भलत्याच क्षणी पडते. टायमिंग लाइट लावून आयडलला मॅग्नेटवरची ‘एफ’ची खूण केसवरच्या खुणेसमोर येते का ते पाहावे. सीडीआयच्या बहुतेक गाड्यांत टायमिंग हाताने लावता येत नाही, त्यामुळे खूण चुकलेली दिसली तर मॅग्नेट काढून ती चावी बघावी.

दोष सापडल्यावर एका वेळी एकच भाग बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर ठिणगी पाहावी. काढलेला जुना भाग, मोजलेले आकडे लिहिलेल्या कागदासह, जपून ठेवावा; नवा भाग आणायला तालुक्याला जाताना तो सोबत न्यावा आणि कपलरच्या पिना, तारांचे रंग आणि भागावरचा क्रमांक काउंटरवरच जुळवून पाहावा. टूलबॉक्समध्ये एक चांगला प्लग, एक टोपी, टेपची गुंडाळी आणि हातभर तार ठेवावी, म्हणजे पेरणीच्या दिवसांत गाडी वावरात बंद पडली तरी निदान गावापर्यंत पोहोचता येते.